वॉर्डात आलेल्या नवीन सहायिकेला शिकवताना

अभ्यासक्रमात पुतळ्यावर स्पंजिंग (ओल्या कपड्याने अंग पुसणे) शिकलेली मुलगी पहिल्यांदा खऱ्या, वेदनेने कण्हणाऱ्या रुग्णापुढे उभी राहते तेव्हा तिचे हात थबकतात. तो आळस समजू नये. पहिला आठवडा तिच्यावर एकटीवर रुग्ण सोपवू नये. एखादे काम आधी आपण करून दाखवावे, मग दोघींनी मिळून करावे आणि त्यानंतर तिने करताना आपण शेजारी गप्प उभे राहावे. हे गप्प राहणेच फार जड जाते.

कूस बदलण्याचेच घ्या. ‘दर दोन तासांनी वळव’ एवढ्याने भागत नाही. ‘आजोबा, आता डाव्या कुशीवर वळवते हं’ असे आधी सांगावे, लघवीची पिशवी आणि सलाइनची नळी कुठे आहे ते पाहावे, रुग्णाला न ओढता ड्रॉशीटने (अंगाखाली घातलेल्या आडव्या चादरीने) दोघींनी उचलून सरकवावे, पाठीशी उशी देऊन अंग साधारण 30 अंश कललेले ठेवावे आणि मग माकडहाड, खुबे व टाचा निरखाव्यात. लाल जागेवर बोट दाबून उचलल्यावरही लाली तशीच राहिली, तर ती बेडसोरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात असू शकते. तिथे मुळीच चोळू नये, लगेच सिस्टरला सांगावे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून ती जागा भोवतालपेक्षा गरम किंवा कडक लागते का, हे तिला स्वतःच्या हाताने पाहू द्यावे. सततच्या दाबाने तिथला रक्तपुरवठा अडतो, हे कारण कळले की पहाटे तीन वाजताही ती आपणहून उठते.

हात धुण्यात मात्र सवलत नाही: साबणाने 40 ते 60 सेकंद. आपण घाईत टाळले, तर ती तेच शिकेल.

चूक झाल्यास रुग्णासमोर किंवा नातेवाइकांसमोर बोलू नये. मी नवीन असताना तक्त्यात माप न लिहिता लघवीची पिशवी रिकामी केली, म्हणून मला सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे बोलले गेले. पुढे पुन्हा माप राहिले तेव्हा त्याच धास्तीने मी अंदाजे आकडा लिहिला. सलाइन किती द्यायचे हे डॉक्टर त्या तक्त्यावरून ठरवतात, हे आठवले की आजही काळजात चर्र होते. म्हणून ‘सिस्टर, माप राहिलं’ असे ती म्हणाली, तर प्रथम ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणावे आणि मग बाजूला नेऊन समजावावे.

नुसत्या ‘छान’ने उमेद येत नाही. ‘तू टाच पाहिलीस म्हणून आजोबांना एअर बेड (हवेची गादी) वेळेत मिळाला’ असे नेमके सांगावे, ड्युटी बदलताना ओव्हरमध्ये (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देताना) ही गोष्ट तिचे नाव घेऊन नोंदवावी आणि पंधरवड्याने एखाद्या खाटेवरच्या रुग्णाची माहिती तिलाच द्यायला सांगावी.