बाथरूमचं रिनोव्हेशन काढताय? आधी कामाचे तुकडे पाडा

"बाथरूम करून घ्यायचंय" हे एक काम नाहीये, त्यात पंधरावीस कामं आहेत, आणि ती सुटी केली नाहीत तर प्लंबर, गवंडी, इलेक्ट्रिशियन एकमेकांची वाट बघत बसतात नि खर्च आपला वाढतो. बरेच जण माणसाप्रमाणे लिस्ट करतात, प्लंबरचं वेगळं, टाइल्सवाल्याचं वेगळं. माझं मत, टाइल्सखाली काय काय झाकलं जाणार त्यावरून तुकडे पाडा. झाकायच्या आधी जे तपासता येतं तो एक तुकडा. आणि लिस्टमध्ये नुसतं "वॉटरप्रूफिंग" लिहू नका, "48 तास पाणी भरून ठेवलं तरी खाली ओल नाही" असं लिहा, म्हणजे झालं की नाही यावर वादच नको.

सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा, राबिट (तोडफोडीचा मलबा) कुठे टाकायचं, हे एका संध्याकाळी उरकतं. पण कमोड आणि डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) तोडफोडीच्या आधीच घरात आणून ठेवा, नुसतं मॉडेल ठरवून भागत नाही. कमोड एस-ट्रॅप (पाइप खाली फरशीत जाणारा) की पी-ट्रॅप (मागे भिंतीत जाणारा), भिंतीपासून किती अंतर, डायव्हर्टर भिंतीत किती खोल बसणार, हे सगळं वस्तू समोर असली की प्लंबर नीट मापून घेतो.

पाइप टाकून झाले की भिंत बुजवायच्या आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे पाइपात दाबानं पाणी भरून कुठे गळतंय का ते बघणं. तेव्हाच पाइप-वायरींचे फोटो काढा, शेजारी मेजरिंग टेप धरून, उद्या टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना तेच कामी येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वॉटरप्रूफिंग. पाणी बहुतेक वेळा कोपऱ्यांतून नि नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जिथून वाहून जातं त्या तोंडाच्या) कडेनं उतरतं, म्हणून तिथे स्वतः उभं राहून बघा, आणि वॉटरप्रूफिंगचा कोट (थर) भिंतीवरही चढवायला लावा, शॉवरच्या बाजूला जास्त उंच. पूर्ण सुकल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरा, पातळीला पेन्सिलनं खूण करा आणि 48 तास हात लावू नका. गवंडी म्हणेल "काही होत नाही साहेब, उद्या टाइल्स लावू", ऐकायचं नाही. खालच्या काकूंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांच्या छताला ओल दिसतेय का ते बघता येईल. ओल आली तर पुन्हा कोट, पुन्हा पाणी.

फरशी लागली की ग्राउट (टाइल्समधल्या फटींत भरायचा मसाला) भरायच्या आधी एक बादली ओता, पाणी कुठेही न साचता नहाणीकडे गेलं पाहिजे. साचलं तर तेवढ्याच टाइल्स काढून ढाळ सुधारून घ्या.

पैसेही याच तुकड्यांवर द्या, टेस्ट पास झाली की पुढचा हप्ता, आणि हे कॉन्ट्रॅक्टरला कामाच्या आधीच सांगा.