लोकरीचा फुलवाला हेअरबँड, गिफ्ट द्यायला एकदम मस्त

कुणाला हाताने केलेलं काहीतरी द्यायचंय आणि स्वेटर विणायला वेळ नाही, तर हा हेअरबँड करा, सुलट टाका येत असेल तर बाकी सगळं जमतं, दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

लोकर मात्र विचार करून घ्या. बँड कपाळाला आणि कानांना घासतो, लोकर टोचली की माणूस एकदा घालतो नि कपाटात टाकतो, म्हणून दुकानात हातावर नाही, गळ्याला लावून बघा, तिथे टोचली नाही तर कपाळालाही टोचणार नाही. डबल निटिंग (लेबलवर DK, म्हणजे मध्यम जाडीची लोकर) असा 50 ग्रॅमचा एक गुंडा बँडला पुरतो, फुलासाठी दुसऱ्या रंगाची उरलीसुरली लोकर चालते. सुया 4 मिमीच्या, म्हणजे जुन्या नंबरात 8 नंबर.

18 टाके घाला, सैल घाला. मग सगळ्या ओळी सुलटच, दोन्ही बाजूंनी. एक ओळ सुलट एक उलट केली तर दिसतं छान पण कडा गुंडाळतात आणि बँडची दोरी होते, सगळं सुलट विणलं की पट्टी सपाट राहते आणि लांबीत मस्त ताणते. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उजव्या सुईवर उचलून घ्यायचा, लोकर पुढे ठेवून उचला, मग लोकर मागे नेऊन पुढचे टाके विणा, कडेला वेणीसारखी साखळी पडते, फार सुंदर दिसते ती.

आता लांबी, इथेच बहुतेकांचं चुकतं. मोठ्या बाईचं डोकं साधारण 54 ते 57 सेंमी असतं, पण पट्टी 48-50 सेंमीचीच विणायची. मी पहिल्यांदा डोक्याच्या बरोबर मापाचा केला होता, आठवड्याभरात सैल होऊन भुवयांवर यायला लागला. पट्टी सुईवर असतानाच स्वतःच्या डोक्याभोवती हलकी ताणून बघा, टोकं जेमतेम भेटली पाहिजेत. मग टाके बंद करा, सैल हाताने, आणि लांब टोक सोडून लोकर कापा.

मोठ्या नेढ्याची बोथट सुई घेऊन दोन्ही टोकं जोडून शिवा. शिवण जाड दिसली तरी काळजी नको, फूल त्यावरच बसणार आहे.

फुलासाठी 12 टाके घाला, सुरुवातीचं टोक 30 सेंमी तरी सोडा. एक ओळ सुलट. दुसऱ्या ओळीत प्रत्येक टाक्यातून दोन काढायचे, म्हणजे सुलट विणायचा पण डाव्या सुईवरून सोडायचा नाही, त्याच टाक्यात मागून सुई घालून परत विणायचा, मग सोडायचा. 24 झाले. एक ओळ साधी सुलट, पुढच्या ओळीत परत तसंच करून 48, आणि लगेच बंद. सुईवरून उतरवताना ती पट्टी आपोआप वळायला लागते, झालरीसारखी, कारण खालची कड 12 टाक्यांची आणि वरची 48 ची, तिला सरळ राहायला जागाच नाही! एका टोकापासून गुंडाळत जा, आधी घट्ट मग सैल, खालची कड एका पातळीत ठेवा की गुलाब तयार होतो. सोडलेलं टोक सुईत ओवून खालून सगळ्या थरांतून आरपार चार-पाच वेळा टाके मारा.

फूल शिवणीवर ठेवून गोल फिरत शिवा, मधोमध एकाच ठिकाणी शिवलं तर लोंबकळतं. घालताना ते कानाच्या जरा वर, एका बाजूला येऊ द्या. लहान बाळासाठी करत असाल तर मणी-बटण अजिबात नको, फूल ओढून बघून मगच द्या, आणि झोपताना बाळाच्या डोक्यावर बँड ठेवू नका हे बाळाच्या आईला सांगा. सोबत लोकरीचं लेबलही द्या, म्हणजे धुवायचं कसं ते तिला कळेल.