फोन टॅपिंगच्या आदेशाला आव्हान मिळाल्यावर सरकारी वकिलाने काय करावे

उच्च न्यायालयात सहायक सरकारी वकील म्हणून काम सुरू केले की कधी ना कधी फोन टॅपिंगची रिट याचिका वाट्याला येतेच. आपण राज्याच्या वतीने उभे असतो हे खरे. पण याचिकाकर्ता राज्यघटनेतील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काच्या ज्या अनुच्छेद २१ चा आधार घेतो, तो राज्यावर बंधनकारक आहे आणि गोपनीयता हा त्याचाच भाग असल्याचे पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. म्हणून आदेशाचे समर्थन करण्याआधी तो स्वतः तपासणे, हे मी या कामातले पहिले कर्तव्य मानतो.

विभागाकडून आलेले याचिकेवरचे परिच्छेदवार अभिप्राय वाचून लगेच उत्तर लिहायला बसू नये. कक्ष अधिकाऱ्याला मूळ फाइल घेऊनच बोलवावे आणि टिपणीची पाने पहिल्यापासून वाचावीत. आदेश कोणत्या तारखेचा आहे, यावर लागू कायदा ठरतो: जुन्या आदेशांना १८८५ च्या तार अधिनियमाचे कलम ५(२) आणि नियम ४१९-अ, तर अलीकडच्या आदेशांना दूरसंचार अधिनियम, २०२३ चे कलम २०(२) आणि डिसेंबर २०२४ चे नियम.

त्यानंतर आदेशातील कारणे पाहावीत, कारण बहुतेक प्रकरणांचा निकाल इथेच लागतो. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी एक परिस्थिती प्रत्यक्षात असल्याशिवाय हा अधिकार वापरताच येत नाही, आणि ती असली तरी देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणे अशा कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण पुन्हा स्वतंत्रपणे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) प्रकरणात १९९६ मध्येच हे स्पष्ट केले आहे. माझ्यासमोर आलेल्या एका आदेशात कलमाची शब्दरचना जशीच्या तशी उतरवलेली होती आणि त्याच फाइलमधल्या मागच्या आदेशाहून फक्त मोबाइल क्रमांक वेगळा होता. त्या व्यक्तीने काय केल्याचा संशय आहे, याचा एक शब्दही नव्हता. असा आदेश टिकत नाही. विनीत कुमार प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचखोरीच्या तपासातील टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रित संभाषणे नष्ट करण्यास सांगितले, ते सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न दाखवता आला नाही म्हणूनच. हा निकाल आपल्या विरोधात जात असला, तरी तो न्यायालयापुढे आपण होऊन ठेवावा.

आदेशात नसलेली कारणे प्रतिज्ञापत्रात घालण्याचा मोह विभागाला हमखास होतो. त्याला ठामपणे नकार द्यावा. सार्वजनिक आदेशाची वैधता त्यातील शब्दांवरूनच ठरते, नंतर दिलेल्या खुलाशावरून नाही, हे तत्त्व गोरधनदास भानजी या मुंबईच्याच प्रकरणात, अंधेरीतील चित्रपटगृहाच्या परवानगीवरून १९५१ मध्ये सांगितले गेले आणि पुढे मोहिंदर सिंग गिल प्रकरणात पक्के झाले.

आता एका कोऱ्या कागदावर तारखा उतरवाव्यात. आदेश गृह विभागाच्या सचिवांचा आहे, की निकडीची परिस्थिती म्हणून अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने तो काढला? दुसरे असेल, तर सक्षम अधिकाऱ्याला, म्हणजे गृह सचिवांना, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले गेले का आणि सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी मिळाली का, हे जावक क्रमांकासह शोधावे. आदेशाची मुदत साठ दिवसांहून अधिक नसते आणि मुदतवाढी धरून एकूण एकशे ऐंशी दिवस ओलांडता येत नाहीत. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन समितीची बैठक दोन महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागते. तिचे इतिवृत्त मागावे, आणि या आदेशाचा त्यात उल्लेखच नसेल तर ती त्रुटी किरकोळ समजू नये. ज्याचा फोन ऐकला जातो त्याला त्याची कल्पनाच नसते, त्यामुळे त्याच्या वतीने प्रश्न विचारणारी त्या वेळी ही समितीच असते.

प्रमाणबद्धतेचा, म्हणजे हेतूच्या मानाने हक्कावरचा घाला जास्त तर नाही ना, हा प्रश्न न्यायालय विचारणारच, म्हणून तपास अधिकाऱ्याला आधीच विचारून ठेवावे की कॉल तपशील, झडती किंवा साक्षीदार यांतून हे काम का भागले नसते.

फाइलमध्ये दोष दिसला, तर विभागाला लेखी अभिप्राय द्यावा आणि आदेश मागे घेण्याचा सल्ला स्पष्ट शब्दांत द्यावा. मात्र न्यायालयात कबुली लेखी सूचनेशिवाय देऊ नये. दूरध्वनीवरून मिळालेली संमती दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. कागद फक्त न्यायालयाला दाखवण्याचा मोहोरबंद लिफाफ्याचा मार्गही सहज धरू नये. राष्ट्रीय सुरक्षेचे नुसते नाव घेऊन समोरच्या पक्षापासून कागद लपवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मीडियावन वाहिनीच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये बजावले आहे.

प्रतिज्ञापत्र दाखल करण्यापूर्वी जोडपत्रांची पाने एकेक करून स्वतः चाळावीत. संभाषणांच्या लेखी प्रती सवयीने जोडल्या जातात, आणि त्यांत याचिकाकर्त्याचे पत्नीशी, आईशी, डॉक्टरांशी झालेले बोलणेही असते, ज्याचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नसतो. ती पाने काढून घ्यावीत, तिऱ्हाइतांची नावे व क्रमांक काळे करावेत, आणि मगच संच न्यायालयाच्या कार्यालयात पाठवावा.