ड्रायर तासन्‌तास फिरतोय? या क्रमाने तपासा

पुण्यात जुलैमध्ये दोरीवरचे कपडे दोन दिवस दमट राहतात, म्हणून ड्रायर येतो. मग एका लोडला तोही अडीच तास घेतो. मेकॅनिकला बोलावण्याआधी हे बघा. बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं, अडलेली असते ती हवा.

सुरुवात वॉशिंग मशीनपासून करा. स्पिन (मिनिटाला फेरे) ८०० वर असेल तर १२०० वर न्या. ३ किलो सुती कपड्यांत त्यामुळे साधारण अर्धा लिटर पाणी कमी उरतं. टॉवेल पिळल्यावर थेंब पडले, तर नुसतं स्पिन पुन्हा लावा.

मग ड्रायरचा लिंट फिल्टर. त्यावरचा तंतूंचा थर दर लोडनंतर काढायचाच. पण दिसायला स्वच्छ फिल्टरही तुंबलेला असू शकतो. तो नळाखाली धरा. पाणी जाळीवर तळ्यासारखं साचलं, तर फॅब्रिक कंडिशनरचा थर बसलाय. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. पूर्ण वाळल्यावरच बसवा.

आता खरी गोम. तुमचा ड्रायर गरम हवा पाइपने बाहेर सोडणारा असेल, तर पाइपाचं तोंड कुठे आहे ते बघा. काचा लावून बंद केलेल्या ड्राय बाल्कनीतच ते उघडत असेल, तर मशीन स्वतःचीच वाफ पुन्हा ओढतं. ड्राय बाल्कनी नावापुरतीच ड्राय. पाइप खिडकीबाहेर काढा, शक्य तितका आखूड आणि सरळ ठेवा. प्लग काढून पाइपातला तंतूंचा भुसाही काढा. तो पेट घेऊ शकतो. कंडेन्सर मॉडेलमध्ये (वाफ बाहेर न सोडता तिचं पाणी करणाऱ्या) पाण्याची टाकी रिकामी करा आणि कंडेन्सर कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे साफ करा.

ड्रम ठासून भरू नका. डबल बेडच्या चादरीचा बोळा होतो आणि तिच्या पोटात मोजे ओलेच सापडतात. चादरी वेगळ्या लावा.

एवढं करूनही फरक नाही? व्होल्टेज बघा. २३० ऐवजी २०० मिळत असेल, तर २००० वॅटचा हीटर जेमतेम १५०० वॅट देतो. एक्स्टेन्शन बोर्ड नको, थेट १६ अँपिअरचा सॉकेट हवा.

शेवटी, दहा मिनिटांनी दार उघडून ड्रममध्ये हात घाला. ड्रम फिरत होता, पण कपडे गारच असतील, तर बहुधा हीटर किंवा थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) गेलाय. तो स्वतः उघडू नका. हीट पंप मॉडेल (एसीसारख्या कॉम्प्रेसरने हवा गरम करणारं) असेल तर त्यात सहसा हीटर नसतो, हेही मेकॅनिकला फोनवरच सांगा.