नव्या सिस्टरला सांभाळून घेताना

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो, वॉर्ड भरलेला. अशात नव्या सिस्टरला एकटीला नाइट लावू नका. सुरुवातीचे आठवडे जोडीला एकच अनुभवी सिस्टर हवी; रोज माणूस बदलला की ती विचारायलाच कचरते.

इन्सुलिन दोघींनी तपासायचं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज. घाईत नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० ची उचलली, तर १० च्या खुणेवर प्रत्यक्षात ४ युनिटच जातात आणि साखर का उतरत नाही ते कळत नाही. चूक झाली तर चारचौघांत झापू नका, पुढची ती लपवेल.

डबा खायला अर्धा तास द्याच. तेवढा वेळ तिचे पेशंट दुसरीने बघावेत. नाइट उतरल्यावर त्याच दिवशी परत बोलावू नका.