पोळ्याले ट्रम्प तात्याचा बडग्या कसा बनवाचा

राजेहो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडेचा बाईच्या रूपातला पुतळा, निघते, काळी 1881 पासून आन पिवळी 1885 पासून, त्यांच्यासंगं बडगे, म्हणजे वर्षभर ज्यानं डोक्स खाल्लं त्याचा पुतळा करून मिरवाचा आन जाळाचा. 2025 ले तिथं ट्रम्प तात्याचाही बडग्या निघाला. ते पाहून आमच्या गावच्या पोट्ट्यायनंही केला, पण पानठेल्यापाशीच त्याची मान लुळी पडली, केस गळाले, आन लोक म्हणे हा तर आपला सरपंचच. तसा घोळ तुमचा होऊ नये म्हणून लिहून राहिलो.

दोन बांबू उभे, एक आडवा, सुतळीनं कचकचून बांधा. मानेले डबल बांबू लावा, डोकं मडक्याचं असते, जड जाते (खऱ्याचं काय ते माहीत नाही). पोटात तणस भरा नाहीतर मागच्या सालच्या वाळल्या पऱ्हाट्या. घरातला कापूस अजिबात भरू नका, त्याचं आधीच तात्यानं भरीत केलं. 27 ऑगस्ट 2025 ले अमेरिकेनं आपल्या मालावरचा टॅरिफ, म्हणजे आयात कर, 50 टक्क्यावर नेला, त्यातला अर्धा रशियाचं तेल घेता म्हणून दंड. त्याच्या आठवडाभर आधी, ऐन पोळ्याच्या तोंडावर, दिल्लीनं बाहेरून येणाऱ्या कापसावरची 11 टक्के ड्युटी काढली, म्हणे कपडा गिरण्यायले आधार पाहिजे. म्हणजे तात्यानं कानफटात मारली बनियन शिवणाऱ्या तिरुप्पूरवाल्याच्या आन गाल सुजला यवतमाळच्या कास्तकाराचा. लांब धाग्याच्या कापसाले त्या साली हमीभाव क्विंटलमागं 8110 रुपये होता, तो कोणाले किती भेटला ते ज्याचं त्याले माहीत. त्यामुळं दिल्लीवाल्यायचाही एक बडग्या करा, पण तो वेगळा, दोघायचं मटेरियल मिक्स करू नका.

तोंडाले गेरू आन हळद कालवून फासा, डोळ्याभोवती पांढरं सोडा. केसाले मक्याच्या कणसाचे झुपके, त्या दिवसात शेतात असतातच, ओलेच चिकटवा, वाळले की वाऱ्यानं उडतात आन खरा तात्या दिसाले लागते. टाय लाल, बेंबीच्या खाली.

उजव्या हातात काळा मार्कर पाहिजेच. 2019 ले डोरियन वादळ आलं तेव्हा तात्या बोलून बसले का अलाबामालेही धोका आहे, तिथल्या हवामानवाल्यायनं लगेच सांगितलं का बाप्पा असं काही नाही, तर दोन-तीन दिवसात तात्यानं नकाशाच दाखवला, त्यात मार्करनं वादळ वाढवून अलाबामापर्यंत नेलेलं. मी तवाच म्हटलं हा माणूस आपल्याकडं पंचनाम्याले पाहिजे होता, अख्खा तालुका अतिवृष्टीत बसवला असता.

आता डावा हात, इथं खरी मेहनत आहे. त्यात पाटी द्याची, टॅरिफची, पण आकडा पेंटनं लिहाचा नाही, खडूनं लिहा. 2 एप्रिल 2025 ले मोठा तक्ता दाखवून आपल्यावर 26 टक्के सांगितला, 9 एप्रिलले 90 दिवस थांबा म्हणे, 7 ऑगस्टले 25, मग महिना सरता सरता 50. मिरवणूक चौकातून मारुतीच्या पारापर्यंत जाईस्तोवर आकडा बदलू शकते, म्हणून एक पोट्टं डस्टर घेऊन बाजूले चालवा. तो तक्ता काढाची रीतही पाहा: त्या देशाशी व्यापारात जेवढी तूट, तिले तिथून होणाऱ्या आयातीनं भागाचं, आलं त्याचं अर्धं कराचं, झाला टॅरिफ. आठवीतलं पोरगं करन. त्याच तक्त्यात हर्ड आन मॅकडोनाल्ड नावाची बेटं होती, तिथं माणूस राहत नाही, पेंग्विन राहतात, त्यायच्यावरही 10 टक्के. म्हणून बारक्या पोरायले कोल्ड्रिंकच्या बाटल्या रंगवून चार पेंग्विन कराले लावा.

पाटीले एक दोरी बांधा, हे विसरू नका, सगळा खेळ इथंच आहे. तात्या सांगतात दुसरा देश पैसे भरते. अन् बंदरावर टॅरिफ भरते कोण, तर माल मागवणारा अमेरिकेतलाच व्यापारी, त्यांच्याच कस्टमले. मग तो बनियनचा भाव वाढवते नाहीतर इकडच्याले म्हणते तू कमी कर, इकडचा सूतगिरणीले दाबते, सूतगिरणी जिनिंगले, आन जिनिंगवाला आपल्याले पाहूनच मान हलवते. तर दोरीचं एक टोक तिकडच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात, दुसरं धोतरवाल्या कास्तकाराच्या पुतळ्याच्या. तात्याच्या गळ्यात काहीच नाही, तो मोकळा ठेवा.

जागा उरली तर मागं मस्क, हातात करवत, सरकारी खर्च कापाचं खातं, नाव डोज, सांगत होता 2 ट्रिलियन डॉलर वाचवतो, मे 2025 सरता सरता निघून गेला. आन एक रिकामी खुर्ची घ्या. नोकऱ्यायचा आकडा कमी आला म्हणून 1 ऑगस्ट 2025 ले तात्यानं आकडेवारीच्या मुख्य बाईलेच काढलं, म्हणजे माप कमी भरलं का काटेवाल्यालेच हाकला.

तिकडच्या सोयाबीनवाल्याचा पुतळा मात्र करू नका. चीननं 2025 ले त्याचं सोयाबीन घेणं बंद केलं होतं, त्याच डिसेंबरात तिकडच्या सरकारनं 12 अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, आन मदत जाहीर झाली म्हणजे काय होते ते आपल्याले कोणी शिकवाची गरज नाही. मत त्यानंच दिलं होतं हे खरं, पण आपण काय कमी दिले?

जाळाले गोठ्यापासून आन तणसाच्या ढिगापासून लांब न्या, मडकं तडकते, पोरं मागं ठेवा. "घेऊन जा गे मारबत" म्हणाच्या आधी मार्कर काढून घ्या, चाळीस रुपयाचा आहे. आन पाटी पोरीच्या दप्तरातली असन तर तीही, सोमवारी शाळा आहे.