संगणकशास्त्र आणि डेटा सायन्समधील संशोधकांनी संधी व सन्मान कसे मिळवावेत

चांगले काम केले की त्याची दखल आपोआप घेतली जाईल, या भरवशावर अनेक गुणी संशोधक वर्षानुवर्षे थांबून राहतात. प्रत्यक्षात या क्षेत्रातील बहुतेक मोठ्या पुरस्कारांसाठी कोणीतरी नाव सुचवावे लागते, फेलोशिपचे अर्ज ठरलेल्या मुदतीतच करावे लागतात आणि निवड समितीपुढे कागदावर असेल तेवढेच येते. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान समजल्या जाणाऱ्या, १९६६ पासून दिल्या जाणाऱ्या आणि आता दहा लाख डॉलर रकमेच्या ट्युरिंग पुरस्कारासाठीसुद्धा स्वतःचे नाव स्वतः पाठवता येत नाही. म्हणून संधी मिळवण्याची तयारी मुदत जवळ आल्यावर नव्हे, तर पहिला शोधनिबंध लिहीत असतानाच सुरू करावी.

पहिले काम: आपले नाव एकच ठेवावे

एका निबंधावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर आद्याक्षरे आणि तिसऱ्यावर बदललेले आडनाव असे झाले की शोधयंत्रांच्या नोंदींत एकाच माणसाची तीन माणसे होतात आणि उद्धरणे, म्हणजे इतरांनी दिलेले आपल्या कामाचे संदर्भ, विभागली जातात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ऑर्किड या सेवेतून प्रत्येक संशोधकाला सोळा अंकांची विनामूल्य ओळख मिळते. ती घ्यावी आणि निबंध पाठवताना प्रत्येक वेळी भरावी. संगणकशास्त्रातील प्रकाशनांची सूची ठेवणाऱ्या डीबीएलपीवर आपले नाव शोधून पाहावे. तेथे समान नावाच्या दुसऱ्या कोणाचे काम आपल्या खात्यात गेले असेल, तर दुरुस्ती कळवावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते टाळले तर पुढची प्रत्येक पायरी डळमळीत होते.

दुसरे काम: परिणामांची नोंदवही

प्रकाशनांची यादी सगळेच ठेवतात. मात्र आपल्या कामामुळे पुढे काय घडले, याची नोंद फार थोडे जण ठेवतात आणि समितीला नेमके तेच हवे असते. एक साधी फाईल उघडून त्यात घटना घडेल त्या दिवशी दोन ओळी लिहाव्यात. उदाहरणार्थ: ‘१४ मार्च. ज्यांच्याशी आपला परिचय नाही अशा एका गटाने आपला डेटासेट वापरला. त्यांच्या निबंधातील तक्ता ३ पाहावा. त्यांनी लेबलांमधील चूक दाखवली. दुसऱ्या आवृत्तीत ती दुरुस्त केली.’ ही नोंद किरकोळ वाटेल, पण तीन वर्षांनी अर्ज लिहिताना तिची किंमत कळते. कारण स्मरणशक्तीला निबंधाचे नाव आठवते, तक्त्याचा क्रमांक आठवत नाही.

तिसरे काम: कोड आणि डेटा यांनाही उद्धृत करण्याजोगे रूप द्यावे

या विषयातले बरेचसे खरे श्रम निबंधात दिसतच नाहीत. ते सॉफ्टवेअरमध्ये, डेटाच्या साफसफाईत आणि दस्तऐवजीकरणात असतात. केवळ गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर कोड ठेवल्याने त्याला उद्धरण मिळेल असे नाही. युरोपातील सर्न या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेतून चालवल्या जाणाऱ्या झेनोडो या संग्रहात कोडची विशिष्ट आवृत्ती जमा केली, की तिला डीओआय हा कायमस्वरूपी ओळख क्रमांक मिळतो आणि इतरांना तिचा निबंधासारखाच संदर्भ देता येतो. परवाना आणि ‘या कामाचा उल्लेख असा करावा’ ही सूचना सोबत ठेवावी. संशोधनासाठीच्या सॉफ्टवेअरचे परीक्षण करून त्यावरचा छोटा निबंध छापणारे ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ हे नियतकालिक २०१६ पासून चालू आहे. निबंधासोबतचा कोड स्वतंत्र समितीकडून तपासून घेण्याची सोय एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेच्या अनेक परिषदांमध्ये असते. साहित्य उपलब्ध आहे, ते चालते, निष्कर्ष पुन्हा मिळाले, अशा वेगवेगळ्या कसोट्यांसाठी तेथे वेगवेगळे बिल्ले दिले जातात.

डेटासेट तयार करणे हे दुय्यम काम आहे, असा समज अजून पुरता गेलेला नाही. तो मनात असेल तर इमेजनेटचा इतिहास आठवावा. फेई-फेई ली यांच्या गटाने २००९ मध्ये संगणकीय दृष्टीवरील सीव्हीपीआर परिषदेत हा चित्रांचा संच मांडला आणि पुढे त्यावरील स्पर्धेतून २०१२ मध्ये डीप लर्निंगची (अनेक थरांच्या कृत्रिम चेताजाळ्यांनी शिकण्याच्या पद्धतीची) ताकद जगापुढे आली. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच परिषदेत त्या निबंधाला काळाच्या कसोटीवर उतरल्याबद्दलचा लाँगे-हिगिन्स पुरस्कार मिळाला. मशीन लर्निंगमधील न्यूरआयपीएस परिषदेने २०२१ मध्ये डेटासेट आणि मापदंडांसाठी स्वतंत्र विभागच सुरू केला.

चौथे काम: आपल्या टप्प्याची दारे ओळखावीत

विद्यार्थ्यांनी एसीएमची विद्यार्थी संशोधन स्पर्धा पाहावी. ती मोठ्या परिषदांमध्येच भरते, पदवी आणि पदव्युत्तर असे तिचे वेगळे गट असतात आणि पोस्टरपासून भाषणापर्यंत परीक्षण होते. २०१३ पासून भरणाऱ्या हायडेलबर्ग लॉरिएट फोरममध्ये गणित आणि संगणकशास्त्रातील सर्वोच्च पुरस्कारांचे मानकरी दोनशे निवडक तरुण संशोधकांना भेटतात. तेथे स्वतः अर्ज करता येतो. परिषदांचे प्रवास अनुदान आणि विद्यार्थी स्वयंसेवकांची नोंदणी यांच्या मुदती मुख्य मुदतीपेक्षा वेगळ्या असतात आणि त्या सर्वांत जास्त चुकतात.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी कंपन्यांच्या फेलोशिपकडे आणि परिषदांतील डॉक्टरल कन्सोर्टियमकडे, म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्यांना ज्येष्ठांचा सल्ला मिळणाऱ्या सत्राकडे, लक्ष ठेवावे. वीस हजार डॉलरच्या एसीएम डॉक्टरल प्रबंध पुरस्कारासाठी नाव बाहेरून जावे लागते, त्यामुळे मार्गदर्शकांशी याविषयी आधीच मोकळेपणाने बोलावे. याच काळात कोड तपासणाऱ्या समित्यांवर काम करण्याची तयारी दाखवावी. त्या समित्या संशोधक विद्यार्थ्यांना आवर्जून घेतात, आणि तेथे केलेले नेटके काम ज्येष्ठांच्या नजरेत भरते, कारण असे काम मन लावून करणारे मोजकेच असतात.

पदवीनंतरच्या अनेक अनुदानांची पात्रता पीएचडीच्या तारखेपासून मोजली जाते. बाळंतपण, आजारपण यांसारख्या खंडाची सूट बहुधा मिळते, पण ती मागावी लागते आणि तिचा पुरावा जोडावा लागतो. दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव झाला की आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या वरिष्ठ सदस्यत्वासाठी स्वतः अर्ज करता येतो. तिथला फेलो, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचा सदस्य, होण्यासाठी मात्र इतरांनी नाव सुचवावे लागते आणि दरवर्षी मतदानाचा हक्क असलेल्या सदस्यांपैकी हजारात एकापेक्षा अधिक जणांना तो मान दिला जात नाही.

पाचवे काम: शिफारस मागणे आणि मजकूर देणे

हे सर्वांत अवघड वाटणारे काम आहे, आणि संकोचापोटी ते न करणाऱ्यांचे जेवढे नुकसान मी पाहिले आहे, तेवढे गुणवत्तेच्या अभावी झालेले पाहिलेले नाही. मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी शिफारस मागावी. पुरस्काराचे निकष, आपला अद्ययावत परिचय आणि नोंदवहीतले निवडक पाच मुद्दे एका पानावर सोबत द्यावेत. सहलेखकांपेक्षा, ज्यांनी आपले काम बाहेरून वापरले आहे त्यांचे पत्र अधिक वजनदार ठरते.

मजकुरातला फरक पाहावा. ‘या अत्यंत हुशार व मेहनती संशोधिका असून त्यांनी नामांकित परिषदांत अनेक निबंध सादर केले आहेत’ हे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून समितीच्या उपयोगाचे नाही. ‘अपुऱ्या नोंदी असलेल्या रुग्णालयीन डेटावर प्रचलित पद्धती कुठे फसतात, हे यांनी प्रथम दाखवले, आमच्या गटाने त्यांची चाचणी वापरली आणि आमचा आधीचा एक निष्कर्ष मागे घेतला’ हे वाक्य एकाच व्यक्तीबद्दल असू शकते. शिफारस करणाऱ्याला असे वाक्य लिहिता यावे इतका तपशील आपणच पुरवावा.

एक इशारा: पैसे घेऊन दिले जाणारे मान

‘आपल्या थोर योगदानाबद्दल आपली निवड झाली आहे’ असे पत्र आले आणि खाली नोंदणी शुल्क मागितले असेल, तर ते पत्र तेथेच सोडावे. निकष जाहीर आहेत का, समितीतील माणसे खरोखर अस्तित्वात आहेत का, मागील मानकऱ्यांचे काम कोणते, एवढे तपासले की खरेखोटे समजते. नुसती निवड झाली म्हणजे काम तपासले गेले असे नाही: २००५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निरर्थक वाक्ये जुळवून घेतली आणि तो ‘निबंध’ एका परिषदेने स्वीकारला होता. पैसे देऊन मिळवलेला मान परिचयपत्रात लिहिला तर जाणकार समितीचा बाकीच्या नोंदींवरचा विश्वासही उडतो.

नकार आल्यास अर्ज टाकून देऊ नये. पुष्कळ नामांकने दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी यशस्वी होतात, कारण मधल्या काळात पुरावा वाढलेला असतो. नोंदवहीतली नवी भर घालून तेच नामांकन पुन्हा पाठवण्याची विनंती करावी. संस्था बदलताना जुन्या संकेतस्थळावरील निबंध, कोड आणि डेटा आधी कायमस्वरूपी ठिकाणी हलवावा. मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांच्या, शब्द आकड्यांच्या रूपात मांडणाऱ्या वर्डटूव्हेक पद्धतीवरील २०१३ च्या निबंधाला न्यूरआयपीएसचा काळाच्या कसोटीचा पुरस्कार २०२३ मध्ये मिळाला. दहा वर्षांनी कोणी आपले काम उघडून पाहायला आले, तर दुवा चालू असायला हवा. म्हणून वर्षातून एकदा सगळे दुवे स्वतः उघडून तपासावेत.